एकाच वर्दीतले पाच जण

बाबा, पुढच्या खोलीतला तुमचा फोटो आता तिथे नाही. दोन महिन्यांपूर्वी मी तो उतरवला, परत लावलेला नाही आणि लावणारही नाही. फ्रेमच्या मागे पालीच्या अंड्यांची टरफलं निघाली आणि खिळ्याला अडकलेला हाराचा जुना दोरा निघाला. हा फोटो तुम्ही कधी पाहिला नाही, कारण तो तुम्ही गेल्यानंतर झाला. बाह्यांवर हवालदाराच्या तीन फिती, छातीवर पाच पदकं, ताठ मान, एक हात टेबलावर. त्यात चेहरा तेवढा तुमचा होता. बाकी सगळा माणूस दुसराच. सव्वीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांना सांगून झालं आहे, एक तुम्हीच राहिलात. मराठीत लिहितोय, कारण ती तुम्हीच शिकवलीत. सांवेरजवळच्या आपल्या गावात, जिथे आईची अंगणवाडीची नोकरी होती, शाळेत सगळं हिंदीतच चालायचं. तुम्ही फौजेतून पेन्शनवर आल्यावर पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात पहारेकरी झालात, शनिवारी बसने गावी यायचात आणि रविवारी सकाळी मला पाटी घेऊन समोर बसवायचात. माझा 'ळ' नेहमी उलटा पडायचा. तुम्ही न रागावता पुसायचात आणि पुन्हा काढायला लावायचात. दुकानात दिवसभर हिंदीच बोलतो, त्यामुळे लिहिताना हात अडखळतो, तेवढं सांभाळून घ्या.

झालं असं की आपल्या विहारात यंदा एक प्रदर्शन भरवायचं ठरलं. इंदूर आणि महूमधल्या आपल्या घरांतले किती आजोबा-पणजोबा फौजेत होते, पण त्यांची आठवण घराघरांतल्या भिंतींवर, ट्रंकांमध्ये आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात विखुरलेली. ती एका हॉलमध्ये आणायची, प्रत्येकाचा एक फोटो आणि खाली चार ओळी, की हा माणूस कोण होता, कुठे होता, परत येऊन काय केलं. ही कल्पना एका रिटायर सुभेदारसाहेबांची. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण आवाज अजून परेडच्या मैदानावरचा. स्नेहलतागंजमध्ये माझं फोटो प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून जुने फोटो स्कॅन करून, साफ करून, मोठे छापून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी आनंदाने घेतलं. दानाचं काम होतं आणि मला येत होतं. मग एक दिवस सुभेदारसाहेब घरी चहाला आले, पुढच्या खोलीत बसले आणि मान वर करून म्हणाले, "अरे, तुमचे वडील हवालदार होते? कधी बोलला नाहीस, भिया! हा तर पहिल्या रांगेत पाहिजे." मी 'हो'ही म्हणालो नाही आणि 'नाही'ही म्हणालो नाही. चहाचे कप उचलून आत गेलो. ते तुमच्या पलटणीतले नव्हते, तुम्हाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी यादीत तुमच्या नावापुढे 'हवालदार' असं टाइप होऊन आलं. ती यादी मीच छापली.

बाबा, मी सहावीत होतो तो पंधरा ऑगस्ट तुम्हाला नक्की आठवत असेल. हेडमास्तरांनी तुम्हाला सांगितलं होतं की फौजी आहात, मुलांसाठी पुरी-भाजी तुम्हीच करा. शाळेच्या मागे तीन दगड मांडून तुम्ही कढई चढवली होती. पुढे मैदानात झेंडा, भोंगा, गावची माणसं, आणि मी माइकसमोर उभा. 'मेरे पिताजी' या विषयावर मला बोलायचं आहे. पाठ केलेलं भाषण मी विसरतो आणि तोंडातून निघतं की माझ्या वडिलांनी एकाहत्तरच्या लढाईत दुश्मनाचा टँक उडवला. टाळ्या पडतात. मला वाटतं, आता बसावं, पण टाळ्या ऐकून मी आणखी एक टँक उडवतो. भोंग्याचं तोंड तुमच्या कढईच्या दिशेनेच होतं, हे मला खाली उतरल्यावर दिसलं.

तुम्ही लोकांसमोर काही बोलला नाहीत. सगळ्या पोरांना वाढलंत, कढई घासलीत. घरी आल्यावर आईच्या स्वयंपाकघरात मोरीपाशी बसून कोपरापर्यंतचं पीठ धुता धुता मला हाक मारलीत. "टँक कुणी उडवला रे?" तुम्ही म्हणालात, "मी एकही गोळी चालवली नाही. बंदूक शिकवली होती, चालवायची वेळ आली नाही. मी लांगरी होतो. मी रोट्या केल्या. पुढे जी पोरं बसली होती त्यांच्यापर्यंत गरम पोचवायच्या, हे माझं काम." मी म्हणालो, "लांगरी सांगितलं असतं तर सगळे हसले असते." तुम्ही टॉवेलने एक एक बोट पुसलंत. "हसले असते तर हसले असते. त्यांच्या हातात पुरी माझीच होती ना? खोटं बोललास याचं मला तेवढं नाही. रोट्या तुला कमी वाटल्या, त्याचं वाटतं." मला तुम्ही कधी मारलं नाही. त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा तरी वाटलं.

आणि तरीही मी तेच केलं. तुम्ही गेलात तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि इंदूरच्या एका स्टुडिओत टचिंगचं काम शिकत होतो, म्हणजे बारीक ब्रशने आणि पेन्सिलीने फोटोतले डाग, सुरकुत्या, मोडलेल्या कडा झाकायचं काम. पुण्यानुमोदनाला चार दिवस होते. आई म्हणाली, "यांचा वर्दीतला एक फोटो पाहिजे. समाज येईल." घरात तुमचा वर्दीतला फोटो नव्हता. खरं तर तुमचा कसलाच फोटो नव्हता, कॅमेरा समोर आला की तुम्हाला नेमकं काहीतरी काम आठवायचं. होता तो कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. मी तो घेऊन मालकांकडे गेलो. त्यांनी खोक्यातून एक निगेटिव्ह काढली. कुणी एक हवालदार, अनेक वर्षांपूर्वी महूच्या त्यांच्या जुन्या दुकानात फोटो काढून गेलेले. मालक म्हणाले, "हा बांधा घे. सगळ्यांना बसतो." मग ओळखपत्रावरचा तुमचा चेहरा मोठा करून, कातरून, त्या हवालदारांच्या टोपीखाली बसवला, वरून पुन्हा कॉपी काढली, गळ्याच्या सांध्यावर मी स्वतः टचिंग केलं. ब्रश माझ्याच हातात असताना मालकांनी विचारलं, "रँक क्या थी पिताजी की? फिती पुसायच्या का?" दोन मिनिटांचं काम होतं, बाबा. राखाडी रंग तयारच होता. मी म्हणालो, "राहू द्या."

आईने फोटो पाहिला. तिची नजर बाह्यांवर थांबली, हे मी पाहिलं. तिने पदराने काच पुसली, हार घातला, मेणबत्ती लावली आणि पुढे सव्वीस वर्षं आम्ही दोघं त्या फोटोसमोरून जात-येत राहिलो, एक शब्द न बोलता. लोकांनी फोटो पाहिला आणि आणखी तीन घरांनी स्टुडिओत येऊन विचारलं, आमच्याही म्हाताऱ्याचा असा करून द्या. कुणाची ट्रंक पुरात गेलेली, कुणी साधा शिपाई असताना लाम म्हणजे लढाई लागलेली आणि फोटो काढायचा राहूनच गेलेला. मालकांनी तीच निगेटिव्ह काढून दिली, मी तेच केलं. कुणाची मागची भिंत निळी रंगवली, कुणाची हिरवी, कुणाला अंडाकृती चौकट. रविवारी विहारात पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं मी सगळ्यांच्या आवाजात म्हणायचो. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं की माझा आवाज आपोआप खाली जायचा. शेजारी बसणाऱ्यांना वाटायचं, मला दम लागतो.

प्रदर्शनाला महिना राहिला असेल. दुपारची वेळ, दुकानात मी एकटा. साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. रुमालात गुंडाळलेला फोटो त्यांनी काउंटरवर ठेवला पण हात त्यावरून काढला नाही. "भैया, जरा संभालके. एकच कॉपी आहे. माझे वडील. हवालदार होते." मी रुमाल उलगडला. तोच हात टेबलावर. तीच पाच पदकं. वर मात्र तो चेहरा, जो मी निगेटिव्हवर काळाच पाहिला होता आणि दरवेळी झाकला होता, गालफडं वर आलेली, मिशी पातळ, डोळे थोडे चिडलेले. नर्सबाई सांगत होत्या, "बघ, डाव्या खिशाची इस्त्री मोडली आहे, दिसतेय? माझी आई आयुष्यभर यावरून बोलली त्यांना. फोटोच्या दिवशीसुद्धा नीट इस्त्री नाही म्हणून. ती घडी साफ करू नकोस हं. तेवढी राहू दे." मी म्हणालो, राहील. ती घडी माझ्याकडे चार फोटोंत होती, एक आपला आणि तीन त्या घरांनी प्रदर्शनासाठी दिलेले. रोज सकाळी अगरबत्ती लावताना मी ती पाहत आलो होतो.

त्या गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढून बसून राहिलो. खोटं कसं चालू ठेवता येईल हे मला व्यवस्थित दिसत होतं, हेच वाईट होतं. आता कॉम्प्युटर आहे. तुमच्या फोटोतला हात थोडा हलवायचा, घडी पुसायची, एक पदक कमी करायचं. तासाभराचं काम. कुणाला कळलं नसतं. मी फाइल उघडलीसुद्धा. पण घडी मोठी करून पाहिली तेव्हा मनात आलं की ही त्या माणसाच्या बायकोने आयुष्यभर काढलेली कुरापत आहे आणि मी ती पुसायला निघालोय. फाइल बंद केली.

संध्याकाळी घरी गेलो. आई आता पंचाहत्तरीची आहे, कान चांगले आहेत, गुडघे सुभेदारसाहेबांसारखेच. ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "आई, तो फोटो प्रदर्शनात द्यायचा नाही. तो खरा नाही."

"खरा नाही ते मला सांगतोस?" तिने मान वर केली नाही. "यांना तीन फिती कधी होत्या? एक नव्हती. तू ब्रशने रंगवलंस, मी बघून घेतलं. पोराच्या मनात होतं, म्हटलं असू दे."

"रंगवलेलं नाही. ते अंग दुसऱ्या माणसाचं आहे. खऱ्या माणसाचं. त्यांची मुलगी आज दुकानावर आली होती."

आईचे हात थांबले. "कुणाचं अंग?"

"एका हवालदारांचं. चेहरा बाबांचा, बाकी ते."

"म्हणजे सव्वीस वर्षं मी परक्या माणसाला हार घालतेय?"

"गळ्यापासून खालीच परके आहेत," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"हार गळ्यातच असतो ना रे, पागल!" आणि ती हसायला लागली. मी घाबरून पाणी आणलं. ती हसत होती, खोकत होती, डोळे पुसत होती, मध्येच फोटोकडे बघून हात जोडत होती, "माफ करना हवालदार साहब," आणि पुन्हा हसत होती. बाबा, तिला इतकं हसताना मी तुमच्यानंतर पाहिलं नव्हतं.

मग ती शांत झाली आणि म्हणाली, "माझी ट्रंक ओढ." साड्यांच्या खाली, तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खाली, एक लिफाफा होता. त्यात फोटो होता. मोठी भट्टी, मागे तंबूची कनात, पाच माणसं. मधला बनियनवर, खांद्यावर फडकं, हातात हातभर लांबीचा झारा, आणि तोंड उघडं, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबलं तेव्हा काहीतरी बोलत होता किंवा कुणाला तरी शिवी देत होता. तुम्ही. मागे तुमच्या अक्षरात पाच नावं आणि शेवटी, 'डावीकडून तिसरा मी'. मी कितीतरी वेळ तो हातात धरून बसलो. तुम्ही एवढे तरुण होतात हे मला माहीत नव्हतं.

"हा होता आपल्याकडे?" मी विचारलं. आईने मेथीची जुडी पुन्हा जवळ ओढली. "गावात आलो तेव्हा भिंतीवर लावला होता. तुझा मामा आला आणि म्हणाला, जिजाजी फौजेत होते की हॉटेलात? सगळे हसले. हेही हसले. मला नाही सहन झालं. मीच काढून ठेवला. यांनी दोन-तीनदा विचारलं, मी म्हटलं, सापडत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "तू एकटाच नाहीस." एवढंच म्हणाली. त्या रात्री मी शांत झोपलो.

पण काम संपलं नव्हतं. त्या रविवारी वंदना झाल्यावर समितीची बैठक होती. विहाराच्या हॉलमध्ये सतरंजीवर सात-आठ जण, सुभेदारसाहेब खुर्चीवर, नर्सबाईही आलेल्या. मी पिशवीतून चारही फोटो काढले, शेजारी नर्सबाईंच्या वडिलांचा ठेवला आणि काय केलं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. फिती पुसू का असं मालकांनी विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो, हेसुद्धा. सांगताना आवाज खाली गेला नाही.

सुभेदारसाहेबांचा चेहरा लाल झाला. "चार माणसं एका छातीवर?"

"पाच," मी म्हणालो. "खरे हवालदार धरून."

"फौजेत दुसऱ्याची फीत लावली तर काय होतं, माहिती आहे? कोर्ट मार्शल! तुझे वडील होते कोण?"

"लांगरी होते."

"मग लांगरी म्हणायला तोंडाला काय झालं होतं?" हॉल दणाणला. बाबा, तुम्ही हलक्या आवाजात बोलला होतात तेच, फक्त परेडच्या आवाजात. ते थांबेनात. "आम्ही दोन दिवस खंदकात शक्करपारे चावत होतो, नुसते शक्करपारे, दात दुखायला लागले. तिसऱ्या दिवशी लांगरी डाळीचा डबा पाठीवर घेऊन सरपटत आला. आमचे कंपनी कमांडर त्याच्यासाठी उठून उभे राहिले. कमांडर! लांगरीसाठी! आणि तुला लाज वाटली? बुक आणलंस का?"

तुमचं डिस्चार्ज बुक मी नेलं होतं. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, एका जागी बोट ठेवलं, मग फोटोतल्या छातीवर ठेवलं, पुन्हा बुकात. "ही दोन तुझ्या बापाची आहेतच," ते म्हणाले. "लांगरीला मेडल मिळत नाही असं कुणी सांगितलं तुला? पूरी लढाईत होता तो. ही दोन ठेव. बाकीची तीन हवालदाराला परत कर." ती दोन पदकं तुम्ही कधी घरी आणलीच नाहीत की आणून कुणाला देऊन टाकलीत, हे आईलाही माहीत नाही. तुम्ही सांगितलं नाहीत आणि आम्ही ते पुस्तक कधी उघडून वाचलं नाही.

मी नर्सबाईंकडे बघायचं टाळत होतो. त्यांच्या वडिलांचं शरीर मी न विचारता चार घरांत वाटलं होतं. त्या सतरंजीवर वाकून पाचही फोटो एका ओळीत लावत होत्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "अंगठ्याचं नखसुद्धा तेच. आणि घडी! आईने बघितलं असतं तर चारही घरांत जाऊन भांडली असती." एक-दोघं हसले. मग त्यांनी घडीवरून बोट फिरवलं. "बाबा रिटायर होऊन आले आणि तीन महिन्यांत गेले," त्या म्हणाल्या. "आम्ही मुलीच. दवाखान्याच्या ड्यूट्या, बदल्या. फोटो कपाटात राहिला. मला नेहमी लागायचं की त्यांना कुणी विचारलंच नाही. आणि इथे चार घरांत रोज अगरबत्ती मिळत होती त्यांना." त्यांनी तुमच्या चेहऱ्याचा फोटो उचलला. "प्रदर्शन झालं की हा मला दे, भैया. अर्धा तर माझाच आहे. शेजारी शेजारी लावते दोघांना." तो फोटो आता त्यांच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात मी स्वतः खिळा ठोकून आलो.

बाकीच्या तीन घरांत मीच जायचं, असं सुभेदारसाहेबांनी फर्मान काढलं, आणि गेलो. सगळं चांगलंच झालं असं नाही. महूच्या एका घरात नातू म्हणाला, "हमारे दादाजी की फोटो को नकली बोल रहे हो?" आणि दार लावून घेतलं. ते बरोबरच होतं. तो फोटो मी नंतर धूळ पुसून परत दिला, तो प्रदर्शनात लागला नाही. दुसऱ्या घरातल्या म्हातारीने सांगितलं, चेहरा तेवढा मोठा करून दे, तोच आमचा आहे. तिसऱ्या घराने, जसा आहे तसा लावा, पण खाली खरं लिहा, असं म्हटलं. म्हणून एका फळ्यावर खऱ्या हवालदारांचा फोटो मध्ये आणि दोन उसने फोटो दोन बाजूंना लागले, त्यातला एक तुमचा. खालच्या ओळी मीच लिहिल्या. चेहरा कुणाचा, वर्दी कुणाची, आणि 'फिती मुलाने पुसल्या नाहीत'. सुभेदारसाहेबांनी ते वाचलं आणि फक्त "हूं" केलं. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

भट्टीसमोरचा तुमचा फोटो दुसऱ्या भिंतीवर होता, सुभेदार, नाईक, शिपाई, ड्रायव्हर सगळ्यांच्या रांगेत. खाली 'लांगरी' आणि नाव. आई सकाळपासून त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसली होती. कुणी जवळ आलं की विचारायच्या आधीच सांगायची, "डावीकडून तिसरे." चार म्हातारे फौजी काठ्या टेकून त्या फोटोसमोर अर्धा तास भांडत होते की ही भट्टी कुठल्या छावणीतली. एक म्हणाला, "लांगरी अच्छा होगा. बाजूच्या चौघांची पोटं बघा." आई म्हणाली, "अच्छेच होते." कुणी हॉटेलचं नाव काढलं नाही. काढलं असतं तरी, मला वाटतं, आई हसली असती. मी दिवसभर फ्रेमा सरळ करत फिरत होतो आणि छातीतलं काहीतरी, जे तिथे असतं हे मी विसरूनच गेलो होतो, ते नव्हतं. संध्याकाळी समारोपाची वंदना झाली. शीलं म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की चौथं कधी येऊन गेलं ते मला कळलंच नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, बाबा. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये राहील. टाकता आलं असतं तर एक गोष्ट त्यात लिहिलीच नसती, पण टाकायचं नाहीच तर तीही सांगून टाकतो. बैठकीत ठरलं होतं की सगळे फोटो एकाच मापाचे, शिपाई असो की सुभेदार, कुणी लहान नाही, कुणी मोठा नाही. मीच सगळ्यात जोरात 'हो' म्हटलं होतं. भट्टीसमोरचा तुमचा फोटो मी अर्धा इंच मोठा छापला. हॉलमध्ये कुणालाही कळलं नाही. तुम्हाला दारातूनच कळलं असतं.